रोजची शिदोरी आणि बाबांचा दहावा

माझ्या वडिलांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, कारण डोणगावातल्या तमाम कावळ्यांचं माझ्याशी वैयक्तिक वैर होतं.

ही गोष्ट मी तेव्हाही जीव तोडून सांगत होतो, आताही सांगतोय. तेव्हा घरातल्या एकानंही ऐकली नाही. तुम्ही परके आहात, तुम्ही ऐकाल.

माझं डोणगावात बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. पेरणीचे दिवस सोडले तर सकाळी दुकानात मी आणि माशा, एवढेच असतो. या रिकामपणात दुसरा माणूस पत्ते खेळायला शिकला असता. मला ज्ञान वाटायची सवय लागली. मोबाइलवर आमचा 'आपला परिवार' नावाचा ग्रुप आहे, त्यावर मी रोज सकाळी 'रोजची शिदोरी' टाकतो. सुरुवातीला थोडा इतिहास, मग एक पाककृती, मग टाकाऊतून टिकाऊ आणि शेवटी 'आजचं नवल'. म्हणजे फुटक्या बादलीत कोथिंबीर कशी लावावी, बिनतेलाचं भरीत कसं करावं, शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा कसा असतो, असं सगळं. एका जागी इतकं ज्ञान आमच्या तालुक्यात तरी दुसरीकडे फुकट मिळत नाही.

सुरुवातीला सगळ्यांनी वाहवा केली. मग वाहवा बंद झाली आणि नुसते जोडलेले हात येऊ लागले. मी समजायचो, नमस्कार करतात. एकदा धाकटा भाऊ सुनील (तो मेहकरला मास्तर आहे) तोंडावरच म्हणाला, "दादा, तो नमस्कार नाही. लोक हात जोडून राह्यले, बस कर म्हनून."

बाबा मात्र कधी काहीच बोलले नाहीत. त्यांच्याकडे सुनीलचा जुना मोबाइल होता. माझी शिदोरी पोचली की त्यांच्या नावापुढे निळी खूण उमटायची. मी समजायचो, खिशात ठेवताना बोट लागत असेल.

आता कावळ्यांचं सांगतो. आमच्या घरासमोर कडुलिंब आहे आणि त्यावर कावळ्यांची वस्ती. बाबा रोज सकाळी अंघोळ झाली की कंपाउंडच्या भिंतीवर भाकरीचा घास ठेवायचे. कावळे त्यांना इतके सरावले होते की घास ठेवायला उशीर झाला तर खिडकीच्या गजावर येऊन बसायचे. तर एका उन्हाळ्यात घरट्यातलं एक पिल्लू खाली पडलं. शहाण्या माणसानं काय केलं असतं? चार पावलं लांब उभा राहिला असता. मी 'आजचं नवल'साठी फोटो काढायला गेलो. डाव्या हातात पिल्लू, उजव्या हातात मोबाइल. फोटो हलला म्हणून पुन्हा काढला. पुन्हा हलला. तिसऱ्या फोटोला पिल्लानं मान टाकली. (ते आधीच अर्धमेलं होतं. हे मी कुठंही शपथेवर सांगेन, पण कावळ्यांकडे तशी सोय नाही.)

वरच्या फांदीवरून सगळ्यांनी पाहिलं. पिल्लाच्या आईच्या पंखात एक पांढरं पीस होतं, म्हणून ती मला पुढे सगळीकडे ओळखू आली. म्हणजे मी तिला, आणि ती मला. त्या दिवसापासून मी अंगणात पाय टाकला की डोक्यात टोच. शेजारी जायचा, त्याला काही नाही. माझी बायको वर्षा वाळवण घालायची, तिच्याकडे ढुंकून पाहायचे नाहीत. मी दुकानात छत्री घेऊन जाऊ लागलो. उन्हाळा-पावसाळ्यात ते खपून गेलं, पण हिवाळ्यात लोक विचारायला लागले. मग मी हेल्मेट घालून पायी जाऊ लागलो. तेव्हा लोकांनी विचारणंच सोडलं.

मी शोधाशोध केली तेव्हा कळलं की कावळा त्रास देणाऱ्या माणसाचा चेहरा विसरत नाही. एवढंच नाही, बाकीच्या कावळ्यांनाही तो चेहरा दाखवून ठेवतो. हे मी त्याच दिवशी शिदोरीत टाकलं, ठळक अक्षरात. सगळ्यांनी हात जोडले. बाबा ओट्यावर बसून माझं हेल्मेट पाहत होते. म्हणाले, "लेका, मानसाईसंग भांडला असता त कोर्टात तरी मिटलं असतं."

पौषात बाबा गेले. सकाळी भिंतीवर घास ठेवला, खुर्चीत टेकले आणि चहा येईपर्यंत संपलेही होते. वर्षा हातात कप घेऊन तशीच उभी राहिली. यात हसण्यासारखं काही नाही आणि मीही हसवणार नाही. मी थोरला, म्हणून सगळं माझ्यावर आलं. अग्नी, राख, निरोप, पाहुण्यांच्या गाद्या. त्या धबडग्यात रडायला वेळच मिळाला नाही, आणि मग रडायचं राहूनच गेलं.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळपासून आईनं तोंडात काही घातलं नाही. "कावळा शिवला म्हनजे मंग खाईन," एवढंच म्हणाली. आईला साखरेचा आजार. रात्रीची गोळी मात्र सवयीनं घेतलेली, आणि गोळीवर उपास म्हणजे जिवाशी खेळ. मी चार वेळा ताट नेलं, चारही वेळा परत आणलं. पण तशी कुणाला फार काळजी नव्हती. बाबांचे धाकटे भाऊ, आमचे बीबी गावचे काका, तिला म्हणाले, "वहिनी, तुमी भाकर टाकूनच ठेवा. ज्यानं जन्मभर कावळ्याईले घास देला त्याच्या दहाव्याले काय वाट पाहा लागते? पिंड ठेवला का शिवला समजा."

नदीवर आमच्या गावचं टिनाचं शेड आहे. पुढे ओटा, मागे विटांची भिंत, बाजूला एक मोठी बाभूळ. महाराजांनी मंत्र म्हणून भाताचा पिंड मांडला. पत्रावळीवर बाबांच्या आवडीचं सगळं होतं. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, ठेचा, कपभर चहा, तंबाखूची पुडी. मी ओल्या धोतरात, डोकं तासलेलं, पिंडासमोर बसलो. बाकी मंडळी मागे सरकली. आणि कावळे आले. इतके आले की बाभळीचा हिरवा रंग दिसेना.

"पाह्यलं?" काका सगळ्यांकडे फिरून म्हणाले. "मी म्हनत नव्हतो?"

सगळ्यांनी मान डोलावली. मग कावळ्यांनी मला पाहिलं.

मी मनातल्या मनात म्हणत होतो, केस गेले, मिशी गेली, आपल्याला आता आरशानंही ओळखू नये. (न्हाव्याला मी मुद्दाम सांगितलं होतं, मिशी मुळापासून काढ.) तेवढ्यात पांढऱ्या पिसाची फांदीच्या टोकाला आली. तिनं मान तिरकी केली. एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं आणि ओरडली. तिच्यामागून सगळी बाभूळ ओरडायला लागली. एक जण खाली आला, पिंडावरून गेला आणि माझ्या डोक्यात टोच मारून वर बसला. आधी निदान केस मध्ये होते.

ऊन चढलं. एकही शिवेना. लोक कुजबुजायला लागले, बाबांचा जीव कशाततरी अडकला असेल म्हणून. सुनील पुढे आला, हात जोडले. "बाबा, वावर दुसऱ्याले ठोक्यानं देत नाही. मी सोता पेरतो." (सुनीलला वावरात नेलं तर कपाशी आणि तुरीत फरक सांगता येत नाही. कावळ्यांनाही ते माहीत असावं, एकही हलला नाही.) मग काका म्हणाले, "भाऊ, वहिनीले आमी अंतर देनार नाही." काही नाही. मग खामगावची बहीण मंदा रडत रडत म्हणाली, "बाबा, मी सासूसंग भांडनार नाही." ही सगळ्यात मोठी कबुली होती, पण तीही वाया गेली.

सुनीलचं लक्ष पत्रावळीवर गेलं. "मंदे, हे भरीत असं काऊन दिसून राह्यलं?"

"दादानं ग्रुपवर टाकलं होतं ना, बिनतेलाचं. म्हनलं, बाबाले पथ्य होतं."

"मेलेल्या मानसाले कायचं पथ्य वं?" काका म्हणाले. त्यांनी दिव्यासाठी आणलेली तेलाची बाटली घेतली आणि अख्खी भरतावर उपडी केली. माझ्या असंख्य कृतींपैकी घरात करून पाहिलेली ही पहिलीच, आणि तिचं हे झालं.

आता मला राहवेना. मी म्हणालो, "काका, भरताचं काही नाही. हे माझ्या चेहऱ्यामुळं होऊन राह्यलं. मी जराक आडोशाले जातो."

"कर्त्यानं पिंडासमोरून उठायचं नसतं," महाराज म्हणाले. "तुम्हीच उठलात तर ते कोणाकडे पाहून येतील?"

"तेच त सांगतो महाराज. माझ्याकडं पाहूनच येऊन नाही राह्यले."

"बस खाली," काका म्हणाले.

"काका, कावळा चेहरा विसरत नाही. मी शिदोरीत टाकलं होतं. ठळक अक्षरात. वाचलं नाही का कोणी?"

जो तो नदीकडे पाहायला लागला, जसं काही नदीत पाणी होतं. शेवटी मंदा म्हणाली, "दादा, राग नोको मानू. म्या त तुह्या ग्रुपचा आवाज बंद करून ठेवेल हाय."

"कवापासून?"

"पयल्या दिवाळीपासून."

"आमी सगळ्याईनंच," सुनील हळूच म्हणाला.

बापाच्या पिंडासमोर, टक्कल करून बसलेल्या माणसाला ही बातमी कळावी, याहून वाईट जागा मला तरी सुचत नाही. मी पुरावा म्हणून मोबाइल काढायला गेलो, तर काका कडाडले, "बापाच्या पिंडापुढं मोबाइल कहाडते? ठेव तो."

सुनीलच्या तोंडावर मात्र उजेड पडला होता. मास्तर आहे, त्याला उत्तर सापडलं की ते चेहऱ्यावर दिसतं. "दादा, बाबाईचा जीव कायात अडकला ते समजलं मले. तुह्या शिदोरीत. तू ते बंद कर."

"हाव, हाव," मागून सगळे म्हणाले. सकाळपासून उन्हात मरगळलेली माणसं अशी ताठ बसली की मला त्यांच्या बोलण्यापेक्षा त्या ताठ बसण्याचंच जास्त वाईट वाटलं. पण घरी आई उपाशी होती. मी हात जोडले. "बाबा, उद्यापासून शिदोरी बंद."

पांढऱ्या पिसाची उडाली. सगळे श्वास रोखून पाहत होते. ती सरळ आली, पिंडावर न थांबता माझ्या डोक्यावर आली आणि नेम धरून शिटली. कोमट होतं.

"महाराज, याचा अर्थ काय समजाचा?" काकांनी विचारलं.

महाराज बराच वेळ विचार करून म्हणाले, "शास्त्रात याचा उल्लेख नाही."

तेवढ्यात वर्षाचा फोन आला. "अहो, आईचे हात थरथरून राह्यले. अंगाले घाम सुटला. साखर देते त तोंड मिटून घेतात. काय करू मी?" बाप गेलाच होता, आता त्याच्या दहाव्यात आईही जाते की काय, असं मला खरंच वाटलं. डोक्यावरची घाण पुसायचंही भान राहिलं नाही.

महाराजांनी ते ऐकलं आणि दर्भाच्या काड्या हातात घेतल्या. खरा कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, तशी रीत आहे. ते कावळा वळायला लागले. (गवताचे पक्षी कसे करावेत हे मी मागं शिदोरीत चित्रासकट टाकलं होतं, आणि महाराज पंख उलटा मुडपत होते. मी काही बोललो नाही. आयुष्यात एवढा एकच संयम पाळला.) मी फोनवर म्हणालो, "आईले सांग, दर्भाचा करून राह्यलो, आता झालंच." तर आईनंच फोन ओढून घेतला. ती काहीतरी बोलत होती, पण कावळ्यांच्या कलकलाटात एक अक्षर ऐकू येईना.

"जा भिंतीमांगं," काका म्हणाले. "बोल वहिनीसंग."

आईचा फोन म्हटल्यावर महाराजही काही म्हणाले नाहीत. मी उठलो आणि शेडमागं गेलो.

"दिलीप," आईचा आवाज अगदी बारीक झाला होता, "गवताचा नोको. ज्यानं रोज खऱ्या कावळ्याले घास देला त्याले गवताचा कायले?"

"आई, येत नाहीत ना ते. तू चमचाभर साखर घे. माह्यासाठी घे. मी शिदोरी बंद करतो म्हनून बाबाले सांगतलं, तरी नाही आले."

"कायले बंद?"

"बाबाले त्याचा तरास होत होता म्हनतात सगळे."

"कोन म्हनते?" उपाशी बाईच्या आवाजात एवढा जोर कुठून आला देव जाणे. "अरे, घास ठेवला का ते रोज भिंग घेऊन बसत. मले सगळं वाचून दाखवत. ते शहामृगाचं त पुन्हा पुन्हा वाचलं. तुह्या कृती वाचत अन् म्हनत, ह्या पोराच्या हातचं खाल्लं त मानूस वेळेआधी मरन. अन् हासत. गेले त्या दिवशीबी भिंग मांडीवरच होतं त्याईच्या."

मी भिंतीला टेकलो. "मंग मले कधी काऊन नाही म्हनले?"

"तुले म्हनले असते त तू दिवसातून दोनदा टाकलं असतं."

खरं होतं ते. टाकलंच असतं. आणि तिथं, विटांच्या भिंतीमागं, कोंबडीच्या पिसांत आणि फुटक्या मडक्यांत उभा राहून मी रडलो. दहा दिवसांचं साचलेलं एकदम आलं. मोठ्यानं म्हणालो, "बाबा, रोज टाकतो. जीव हाय तोपर्यंत टाकतो."

भिंतीपलीकडचा कलकलाट अचानक थांबला. मग काकांची आरोळी आली, "शिवला! शिवला बे!"

"शिवला का?" आईनं विचारलं.

"हाव आई. शिवला. खाय आता."

मी फोन कानालाच धरून ठेवला. पेल्यात चमचा वाजला, वर्षा "सावकाश, सावकाश" म्हणाली, आणि मग आईनं घोट घेतल्याचा आवाज आला. तो ऐकल्यावरच मी धोतराच्या सोग्यानं डोकं पुसलं.

मी पुढे आलो तर पिंड विस्कटलेला, भाकरीचे तुकडे झालेले, आणि ते तेलात बुडालेलं भरीत पांढऱ्या पिसाची खात होती. मला पाहताच ती उडाली, तिच्यामागं सगळे उडाले. पण ते कुणी पाहिलंच नाही, कारण सगळे माझ्याकडे पाहत होते. माझं बोलणं भिंतीपलीकडे ऐकू गेलं होतं.

"बापानं आयकलं," काका म्हणाले. "पोरगा 'रोज टाकतो' म्हनला अन् शिवला. भाऊची इच्छा तेच होती."

सुनील आणि मंदा एकमेकांकडे पाहायला लागले. मी म्हणालो, "काका, तसं नाही. मी भिंतीमागं गेलो, माझा चेहरा दिसेनासा झाला, म्हनून..." काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला गप्प केलं. मग नदीवरून निघायच्या आधी त्यांनी एकेकाला समोर उभं करून मोबाइल काढायला लावले (आता पिंडापुढं मोबाइल चालत होता) आणि सगळ्यांच्या ग्रुपचे आवाज चालू करून घेतले. तेव्हापासून आमच्या खानदानात शिदोरी बंद ठेवायची कुणाची छाती नाही. मेलेल्या माणसाचा जीव पुन्हा कशाला अडकवायचा? सकाळी मेहकरला, खामगावला आणि बीबीला एकाच वेळी माझी घंटी वाजते. सगळे हात जोडतात.

मी खोटं श्रेय घेणारा माणूस नाही. दुसऱ्याच दिवशी शिदोरीत खरं कारण सविस्तर लिहिलं. चेहरा, पिल्लू, भिंत, सगळं. न वाचता सगळ्यांनी हात जोडले.

आईला बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून आता मी सकाळी हेल्मेट घालून भिंतीवर घास ठेवतो, आत येतो, बाबांच्या खुर्चीत बसतो आणि तिला शिदोरी वाचून दाखवतो. तो कावळ्यांचा मजकूरही दाखवला. तिनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला.

"म्हनजे तू भिंतीमांगं गेला म्हनून शिवला?"

"हाव आई. तेच त मी सांगून राह्यलो सगळ्याईले." मला इतका आनंद झाला की काय सांगू. अख्ख्या घरात एका माणसाला तरी पटलं होतं.

"मंग एक ध्यानात ठेवजो," आई म्हणाली. "माह्या दहाव्याले तू पयल्यापासूनच भिंतीमांगं बसजो. मले लय वेळ ताटकळाची सवय नाही."

मी हात जोडले.